बाभळीला टांगलेलं बूच

"आधी होडीत सामान भरू, बूच मागनं बघू," असं म्हनतो व्हय तो शिरपती? आन् मी उगाच कावतो म्हनतो? म्हनू दे त्याला. पांडबा, तू ऐक.

लई मागं सामानाला तोंड व्हतं, तवाची गोष्ट. समद्यांनी मिळून होडीतनं मासं धराय जायचं ठरलं, आन् जागेवरनं भांडान जुंपलं. जाळं म्हनलं, "मासं मी धरनार, फुडं मीच बसनार." भाकरीचं गाठुडं म्हनलं, "उपाशीपोटी धरनार व्हय रं?" किटली नाक वर करून म्हनली, "च्याबिगर कुनाचा हात तरी हालतो का?"

होडी काठावर असली की बुडाचं भोक उघडं ठेवत्यात, पावसाचं पानी निघून जायला. त्या भोकाचं लाकडी बूच बाभळीला टांगलेलं व्हतं. ते वरडलं, "अरं, मला घ्या की!"

किटली हसली. "बोटाएवढं तू, तू कंचा मासा धरनार?"

तशीच होडी लोटली. नदीच्या मधी गेली आन् बुडातनं पानी भसाभसा वर आलं. भाकरीचा काला झाला. जाळं बोंबलाय लागलं. वल्ह्यानं कशीबशी होडी माघारी फिरवली, आन् काठ येईस्तवर किटलीच गढूळ पानी उपशीत बसली.

बाभळीवरनं बूच म्हनलं, "या पावनं. झाला का च्या?"

किटलीनंच त्याला खाली घेतलं आन् आधी भोकात बशिवलं.

दात काय काढतोस, पांडबा? शिरपतीनं भरलेलं समदं सामान खाली काढ, आन् आधी बूच ठोक.