विकलेला मोर

उसाच्या एका गावात एक गुळव्या होता. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळू लागला की तो भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढायचा. रंग उजळवणाऱ्या पावडरीची चिमूटही घालायचा नाही. त्याचा गूळ दिसायला काळपट, पण ढेपेवर त्याचा मोराचा ठसा दिसला की लोक डोळे झाकून विकत घ्यायचे.

शहरातून एक बडा व्यापारी आला. म्हणाला, "काका, हे गुऱ्हाळ आणि ठसा मला द्या. नाव तुमचंच राहील. तुम्ही फक्त दारात बसून गूळ विका, बसल्या जागी भाकरी मिळेल." काहिलीखालच्या चुलवणाच्या धुराला कंटाळलेला गुळव्या भुलला आणि देऊन बसला.

मग व्यापाऱ्याच्या कारखान्यातून पिवळाधमक गूळ येऊ लागला. पावडरीनं उजळलेला, वर तोच मोर! गुळव्या दारात बसायचा, पण त्याला चैन पडेना. उठायचा, थंड चुलवणापाशी जायचा, परत यायचा. लोक रामराम घालायचे, तोही त्याला टोचायचा.

एके दिवशी शेजारची म्हातारी आली. "भाऊ, लेक बाळंत झालीय. पहिली नात! लाडवाला गूळ दे. रंग जरा येगळा दिसतोय, पण मोर हाय, मग बघायचं काय?"

गुळव्यानं ढेप उचलली आणि परत खाली ठेवली. व्यापाऱ्याचा माणूस शेजारीच उभा होता. तोंड उघडलं तर बसल्या जागची भाकरी जाणार, आणि गप्प राहिलं तर ती पावडर बाळंतिणीच्या पोटात जाणार.

"आक्का, नको नेऊस," तो म्हणाला. "मोर मी विकला. ह्यो गूळ माझ्या हातचा न्हाई."

त्या माणसानं त्याला तिथल्या तिथं दारातून उठवलं. म्हातारीही त्याच्यावरच भडकली. "इतके दिस आमाला फसवलंस व्हय रे!" म्हणत रिकाम्या हातानं निघून गेली.

गुळव्यानं रस्त्याकडेला, उघड्यावर, नवं चुलवण खणलं. ढेपा बिनठशाच्या. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारी आली ती थेट काहिलीजवळ ठाण मांडून बसली. मळी निघाली, रस आटला, ढेप घट्ट झाली, तरी ती जागची हलली नाही. मगच तिनं पिशवी पुढं केली.

"आक्का, आता तरी इस्वास बसला?" गुळव्यानं विचारलं.

"डोळ्यानं बघितलं म्हणून नेते," म्हातारी म्हणाली. "इस्वासाचं फुडल्या हंगामाला बघू."

तात्पर्य: नाव एका दिवसात विकता येतं, विश्वास मात्र पुन्हा पहिल्यापासून कमवावा लागतो, आणि घेणाऱ्यानं ठशाआधी करणाऱ्याचा हात बघावा.