कुमुदताई 'कळवते' म्हणाल्या

चिंचणगावात वधू-वर सूचक केंद्र चालवणाऱ्या एक कुमुदताई रोकडे होत्या. वीस वर्षांत त्यांनी तीनशेच्या वर लग्नं जमवली, आणि प्रत्येक लग्नापायी डोकं उठलं असं त्या स्वतःच सांगत. त्यांचा सगळा राग एका शब्दावर होता, 'कळवतो'. मुलाकडचे येतात, बशी बशी कांदेपोहे खातात, मुलीला शिवणकाम येतं का विचारतात, आणि चपला घालता घालता म्हणतात, "कळवतो." मग सहा महिने पत्ता नाही. "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण लोकांना टांगून ठेवू नका," असं कुमुदताई भल्याभल्यांना तोंडावर सुनावत. आता एवढं सुनावणाऱ्या बाईनं स्वतः काय केलं ते ऐका.

रविवारी केंद्राचा मेळावा होता आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पुस्तिका छापखान्यात द्यायची होती. बाकीची पुस्तिका तयार होती. राहिलं होतं एकच पान, पण तेच पान कुमुदताईंच्या जिवाचं होतं. पुनर्विवाहाचं पान यंदा पहिल्यांदाच निघणार होतं. अकरा बायका, कुणी विधवा, कुणी घटस्फोटित. एकेकीच्या घरी चार-चार खेपा घातल्या तेव्हा कुठे त्या तयार झाल्या, त्याही एका अटीवर. मेळाव्याआधी आमच्या नावाचा कागद गावात फिरायला नको. म्हणून फॉर्म नाही की वही नाही. एकेकीनं यायचं, शेजारी बसून सांगायचं, आणि ताईंनी थेट संगणकावर लिहायचं असं ठरलं.

आणि नेमका सोमवारी संगणक बसला. दुकानदार म्हणाला, याची जुनी प्रणाली मेली, नवी विकत घ्या, आणि ती या खटाऱ्यावर चालायची नाही, तेव्हा संगणकही नवा घ्या. कुमुदताईंनी कपाळाला हात लावला. शेवटी त्यांनी शेजारच्या गोपीनाथराव टेंब्यांना बोलावलं. टेंबे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि गावात भेटेल त्याला लिनक्स नावाच्या संगणक प्रणालीबद्दल सांगत सुटायचे. लोक त्यांना बघून रस्ता बदलत.

टेंबे एक पेनड्राइव्ह घेऊन आले. आधी त्यांनी संगणकाची डिस्क काढून आपल्या घरच्या संगणकाला लावली आणि तिच्यातल्या ताईंच्या जुन्या याद्या आणि पुस्तिका दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून ताईंच्या हातात दिल्या. मग आपला पेनड्राइव्ह लावला. दोन मिनिटांत स्वच्छ निळा पडदा आला, मराठी अक्षरंही आली, आणि तो खटारा तुरुतुरु चालायला लागला.

"केवढ्याला?" ताईंनी विचारलं.

"फुकट."

कुमुदताईंच्या कपाळावर आठी पडली. "आमची काहीच मागणी नाही म्हणणाऱ्या स्थळाची मी आधी दुप्पट चौकशी करते, गोपीनाथराव."

"जरूर करा. जगभरचे लोक मिळून हे बनवतात. आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं. काही लपवलेलं स्थळ नाही हे." मग टेंब्यांनी पडद्यावरच्या एका चित्रावर बोट ठेवलं. "आता हे नुसतं पेनड्राइव्हवरून चालतंय. बघण्याचा कार्यक्रम समजा. यात लिहाल ते संगणक बंद झाला की पुसलं जाईल. पसंत पडलं की इथे दाबायचं, म्हणजे ते संगणकात कायमचं बसेल. अर्ध्या तासाचं काम आहे."

"बघते आणि कळवते," कुमुदताई म्हणाल्या. काय बोललो हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

मंगळवारी टेंबे आले. "बसवलंत का?" तर नाही. ताईंचा पदर खोचलेला, समोर एक बाई बसलेली, आणि टायपिंग जोरात चाललेलं. "चालतंय छान," ताई म्हणाल्या, "पण मेळावा होऊ दे, मग बघू."

"अहो, मग यात लिहिताय कशाला? लाइट गेली तर?"

"बंद केलं तर पुसतं ना? मग मी बंदच करत नाही."

आता काय म्हणावं या बाईला? ताईंनी खरोखरच संगणक रात्रंदिवस चालू ठेवला होता. वर धुतलेला पंचा पांघरला होता आणि बटणावर चिठ्ठी डकवली होती, 'हात लावू नये'. टेंबे म्हणाले, निदान लिहिलेलं दुसऱ्या पेनड्राइव्हवर तरी उतरवा. ताई म्हणाल्या, नको, या बायकांची माहिती दोन दोन ठिकाणी नको. टेंब्यांनी हात जोडले आणि घरी गेले. बुधवारी पुन्हा आले, पुन्हा तेच ऐकलं, पुन्हा हात जोडले.

बुधवारी संध्याकाळी अकरावी बाई आली. यमुना. बालवाडीत शिकवायची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. भाऊ बरोबर होता, तो बाहेर ओट्यावर बसला. यमुना ताईंच्या शेजारी बसली. मग एकदम म्हणाली, "मावशी, लिहा. माझ्या मुलीला दाराबाहेर ठेवणार नाही, असं घर पाहिजे." कुमुदताईंनी ते जसंच्या तसं लिहिलं. यमुना गेल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि संगणकावर पंचा नीट पांघरला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. चिंचणगावात दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. हे गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. कुमुदताईंनासुद्धा ठाऊक होतं, म्हणून तर आदल्या रात्री त्यांनी पाण्याची टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. टाकीची आठवण झाली, संगणकाची झाली नाही. सकाळी नऊच्या ठोक्याला पंखा थांबला आणि पंचाखालचा निळा उजेड गेला.

चार वाजता लाइट आली. पडदाही आला, तसाच स्वच्छ, निळा. त्यात अकरातली एकही बाई नव्हती.

टेंबे धावत आले. "सांगितलं होतं," असं ते बोलले नाहीत. त्यांचा तेवढा चांगुलपणा. ताईंनीच मुकाट्यानं त्या चित्रावर दाबलं. पोहे भिजवून, फोडणी देऊन, बशीत वाढेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते संगणकात बसलं. तीन दिवस जे जमलं नव्हतं ते एवढंच होतं. ताईंना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मग दारोदार जाऊन माफी मागणं सुरू झालं. कुणी वैतागली, कुणी रडली, एकीनं चांगलं फैलावर घेतलं. ताईंनी सगळं खाली मान घालून ऐकलं. पण संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळी मिळून दहा जणी पुन्हा येऊन बसल्या आणि पुन्हा सांगून गेल्या.

यमुना आली नाही. दहा वाजता ताई तिच्या घरी गेल्या. ती उंबऱ्याशी आली, हात पिठाचे.

"मावशी, परवा भाऊ सोबत होता म्हणून बोलले," ती हळू आवाजात म्हणाली. "तो काल गावी गेला. आणि आता घरात सासूबाईंना कुणकुण लागलीय."

"दोन मिनिटं चल नुसती. आता पक्कं केलंय गं, आता नाही पुसायचं."

यमुनानं आत पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग ती कुमुदताईंकडे न बघता म्हणाली, "कळवते."

वीस वर्षं या शब्दावर चिडलेल्या कुमुदताई मान डोलावून केंद्रावर परतल्या. बारा वाजता पान छापखान्यात गेलं. वर दहा नावं होती, आणि खाली एका नावापुरती जागा ताईंनी तशीच कोरी ठेवली होती.

तात्पर्य: पारखून जरूर घ्यावं, पण पटल्यावर होकार द्यायला उशीर करू नये, आपण नुसतं बघत बसलो तर नुकसान आपलं होत नाही, आपल्यावर विसंबलेल्या माणसाचं होतं.