शिऱ्याची मूद

“…मग भाकरी औषध की विष? एकदाचं सांगून टाका, बुवा!”

विश्वंभरपंतांचा आवाज मठात घुमला. मागे खांबाला टेकून बसलेल्या त्यांच्या बायकोने, मंदाकिनीने, मनातल्या मनात हात जोडले. देवा, आज तरी निकाल लागू दे. एकाच ओट्यापाशी रोज दोन स्वयंपाक करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यात पायाच्या अंगठ्याची ती जखम.

साखरेचा आजार दोघा भावांना. पंतांनी भात-पोळी पार सोडलेली; पनीर, दाणे, पालेभाज्या. धाकट्या मुकुंदाची ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, वर मोजून चार घास भात. आणि ताटावर बसलं की खडाजंगी.

“माझी साखर उतरली, बुवा,” मुकुंदा म्हणाला.

“माझी आधी उतरली!”

“आधी उतरली, कबूल. पण वर्षाच्या शेवटी दोघांची सारखीच आली ना, दादा?”

“भाकरी खाऊन टिकते का बघू!”

“आणि आपल्या भाचीच्या लग्नात जिलब्या कोणी हाणल्या?”

“ते… आग्रह झाला.”

बुवांनी कपाळाला हात लावला. “अरे, मागच्या एकादशीला हेच. त्याच्या मागच्या एकादशीलाही हेच. तुमच्या भाकरीपायी माझा जप राहतो रे! डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले, दोन्ही चालेल. जे जन्मभर झेपेल ते धरा,” मुकुंदा म्हणाला.

“मग झालं तर!”

“पण श्रेष्ठ कुठलं, बुवा?” पंत हटेनात.



बुवांनी नैवेद्याच्या ताटातली शिऱ्याची मूद उचलून पंतांच्या हातावर ठेवली.

पंतांनी ती डोळ्यांना लावली. खायची नाही, आणि प्रसाद टाकायचाही नाही. मान न वळवता त्यांनी हात मागे नेला. तो पोचायच्या आत मंदाकिनीची ओंजळ पुढे आली होती.

घरी तरी दुसरं काय होतं? भाताचं माप हाताला जुनंच बसलेलं. यांनी खायचा नाही, भावजींनी चार घास खायचा. उरलेला पातेल्यापाशी उभ्याउभ्या तीच संपवायची. अन्न कसं टाकायचं? सोमवारी तर यांची साखर उतरावी म्हणून तिचा उपास. साबुदाण्याची खिचडी, वर बटाटा.

“मंदा,” बुवा म्हणाले, “पायाला पट्टी कसली?”

“श्रावणात ठेच लागली होती, बुवा.”

“आता मार्गशीर्ष आला.”

“भरेल की.” ती हसली. “डॉक्टर म्हणतात, मलाही साखर आहे. फार वाढलीय म्हणे. नाही भरलं तर अंगठा काढावा लागेल… यांचं एकदा मार्गी लागू दे, मग बघू माझं.”

“अगं, बोलली नाहीस ते!” पंत गर्रकन वळले.

“तुमचं दोघांचं चाललेलं असतं ना,” ती म्हणाली. “मध्ये कुठे बोलायचं?”

मुकुंदाने मान खाली घातली.

बुवा उठले. वाकून त्यांनी तिच्या ओंजळीतली मूद उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. सावकाश खाल्ली. हात पुसला.

“विश्वंभरा, साखर उतरली म्हणतोस… उतरून गेली कुठे, ते बघ.”