चोचीतली पात

फार जुनी गोष्ट आहे, विहिरींना अजून कठडे नव्हते तेव्हाची. एका विहिरीवर बाभूळ झुकली होती आणि तिच्यावर सुगरणींचा थवा खोपे विणत होता. भिंत नाही, आडोसा नाही, सगळ्या एकमेकींसमोर कामाला लागलेल्या.

त्याच झाडावर एक साळुंकी राहायची. चांगलं गवत कुठे उगवलंय ते हुडकून आणायचं, हे तिचं काम. आणि कामाची हौस तरी केवढी! बातमी मिळाली की तिच्या पोटात म्हणून राहायची नाही.

"अगं ए, ऐक ना! ओढ्याकाठी काय कोवळं गवत आलंय!" ती थेट कानाशी ओरडे.

"कुठे?" म्हणून सुगरण चोच उघडे, आणि चोचीत धरलेली पात थेट विहिरीत! अर्धी बसलेली गाठ सुटून जाई. रोज हेच. अंडी घालायचे दिवस तोंडावर आले, तरी एकही खोपा पुरा होईना. सुगरणी रडकुंडीला आल्या.

शेवटी एक म्हातारी सुगरण म्हणाली, "बाई गं, तुझ्या बातमीवरच आमचं चालतं. पण आमची चोच हाच आमचा हात. तू समोरच्या फांदीवर येऊन बस. गाठ बसली की मीच तुझ्याकडे बघेन, मग बोल."

"आणि अगदीच घाईचं असलं तर?"

"तर खुशाल ओरड. पण तेव्हाच."

थांबायचं म्हणजे साळुंकीला शिक्षाच! ती या पायावरून त्या पायावर नाचे, चोच घट्ट मिटून घेई. पण थांबे. गाठ बसली की सुगरण मान वळवून म्हणे, "हं, सांग आता!" बघता बघता खोपे उभे राहिले. आत अंडी आली, दाराचं विणकाम तेवढं उरलं.

आणि एका दुपारी साळुंकीला खोडावर धामण दिसली. अंड्यांकडेच निघालेली!

"धामण! धामण आली!"

उगाच कधी न ओरडणारी साळुंकी ओरडली म्हटल्यावर कुणी "काय गं?" एवढंसुद्धा विचारलं नाही. सगळ्यांनी चोचीतल्या पाती टाकल्या आणि त्या झेपावल्या. इकडून टोच, तिकडून टोच! धामणीची पकड सुटली आणि ती धपकन विहिरीत पडली. एकाही अंड्याला धक्का लागला नाही.

म्हातारीची पातही पाण्यावर तरंगत होती. साळुंकी ओशाळली. "तुझी गाठ सुटली गं माझ्यामुळे."

"सुटू दे!" म्हातारी हसली. "आज ती सुटायलाच हवी होती."

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याची गाठ बसेपर्यंत जो थांबतो, त्याच्या एका हाकेला सगळे हातचं काम टाकून धावतात.