येसूनं घोडीला काय विचारलं

एकदा काय झालं, नांदवळ नावाच्या गावात एक सुईण होती. सुईण म्हणजे माहीत आहे ना? बाळ जन्माला येताना त्याला आपल्या हातांवर झेलते ती. अर्धं गाव कोंडाई सुईणीच्या हातांवर जन्मलं होतं आणि उरलेलं अर्धं कोंडाईच्या आईच्या. कोंडाई गेली, तेव्हा तिचं काम तिच्या लेकीनं हाती घेतलं. तिचं नाव येसू. वयानं लहान, जिभेनं तिखट आणि हातानं मऊ.

गाव नदीच्या अलीकडे. वाड्या नदीच्या पलीकडे, डोंगरात. कुठल्या वाडीत बाईला कळा लागल्या, की त्या वाडीची माणसं नदीकाठी उंच बांबूला लाल लुगडं बांधायची. ते फडकताना दिसलं, की येसू निघायची. पायी, बरं का. चढ चढायची, उतार उतरायची, काट्यांतून जायची.

मग एका पावसाळ्यात ती पोचली, तोवर उशीर झाला होता. त्या घरात पाळणा बांधलेला होता, पण हलला नाही. येसू तशीच पायी परत आली.

गावाला ते फार लागलं. आपल्यात तोंडानं कुणी आभार मानत नाही. कुणी वाटीभर कालवण आणून देतं, कुणी न सांगता अंगण झाडून जातं. नांदवळच्या माणसांनी काय केलं, घरटी पायली पायली तांदूळ काढला, गाडी भरली आणि म्हटलं, "येसू, तुझ्या आईनं आम्हाला या जगात आणलं. आम्ही तुला घोडा आणून देतो."

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते पुसायच्या आत श्रीपत आबा पुढे आले. श्रीपत आबा म्हणजे गावातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांच्या मागोमाग केरबा तात्या. ते स्वतःला दुसरे वडीलधारे समजत.

आबा म्हणाले, "घोडा पारखायचा म्हणजे पोरासोरांचं काम नाही. मी येतो."

तात्या म्हणाले, "आबा भोळे आहेत. मीही येतो."

येसू म्हणाली, "बसणार मी आहे."

"म्हणून तर तुला गाडीत घेतोय," आबा म्हणाले. "नाहीतर घरीच ठेवली असती."

मग ती तिघं निघाली. चंपाषष्ठीला खंडोबाच्या डोंगरावर घोड्यांचा बाजार भरायचा. खंडोबा स्वतः घोड्यावर बसणारा देव, त्याच्या डोंगरावर घोड्यांना एक वरदान होतं. कपाळाला भंडारा लावला आणि उजव्या कानात प्रश्न विचारला, की घोडा उत्तर द्यायचा. माणसासारखं, अगदी स्पष्ट.

काय म्हणालीस? मराठीत? मग काय, त्याच डोंगरावर चरलेला तो, दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार?

आणि घोड्याला खोटं बोलता यायचं नाही. विकणारा वाटेल ते सांगेल, घोडा खरं तेच सांगेल. पण देवानं एक अटही घातली होती. एका गावाला तीनच प्रश्न. तीन संपले, की त्या गावाच्या माणसांसाठी डोंगरावरचे सगळे घोडे मुके.

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय विचारलं असतं? नको, आत्ता नका सांगू. ऐका.

बाजारात पहिला घोडा दिसला तो पांढराशुभ्र. मान अशी वळलेली, शेपटी जमिनीला टेकलेली. आबा बघतच राहिले. आबांचा सगळा जीव भोवऱ्यांत. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात, आपल्या डोक्यावर असतो ना, तसे. अमक्या ठिकाणचा भोवरा शुभ, तमक्या ठिकाणचा अशुभ, असं जुनी माणसं मानत. आबांनी घोड्याभोवती चक्कर मारली, भंडारा लावला आणि येसूनं तोंड उघडायच्या आत कानात विचारलं, "घोडेराजा, तुझे भोवरे शुभ आहेत ना?"

घोडा म्हणाला, "मला माझी पाठ दिसत नाही."

झालं. एक प्रश्न गेला.

येसू म्हणाली, "आबा, ते तर तुम्हालाच बघायचं होतं."

"शांत राहा," आबा म्हणाले. "घोडा विनयशील आहे."

तात्या गालातल्या गालात हसले. म्हणाले, "आबा, भोवऱ्यांत काय आहे? रक्त बघावं, रक्त." ते गेले एका तांबड्या घोड्यापाशी. त्याच्या पाठीवर मखमलीची झूल, गळ्यात घुंगरांची माळ. तात्यांनी भंडारा लावला आणि विचारलं, "तू कुणाच्या वंशातला?"

मग तो घोडा जो बोलायला लागला. माझे वडील अमक्या सरदाराच्या पागेतले. त्यांचे वडील तमक्या लढाईत होते. त्यांची आई तर राजाच्या पालखीपुढे चालायची. ऊन डोक्यावर आलं, उतरायला लागलं, तरी घोडा सांगतोच आहे. तात्या डोळे मिटून माना डोलावत होते. शेवटी घोडा म्हणाला, "आणि मी स्वतः या बाजाराच्या बाहेर कधी गेलेलो नाही."

ते शेवटचं वाक्य तात्यांनी ऐकलंच नाही. ते म्हणाले, "हाच घ्यायचा."

आबा म्हणाले, "पांढरा घ्यायचा."

"तुमचा पांढरा आरशात बघत बसेल."

"आणि तुमचा तांबडा लग्नात मिरवेल."

मग दोघांची जुंपली. झाडाखाली भाकरी खायला बसले, तरी जुंपलेलीच. एक प्रश्न उरला होता आणि तो कुणी विचारायचा, पांढऱ्याला की तांबड्याला, यावर वाद. येसू तिथेच उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं ठरवलं, की आता वाट पाहणं पुरे.

ती बाजारातून हिंडत निघाली. बाजाराच्या कडेला, जिथे गिऱ्हाईक फारसं येत नाही, तिथे एक धनगरीण बसली होती. हिराई तिचं नाव. तिच्याजवळ एकच घोडी. बुटकी, मातकट रंगाची, पायांना भरदार केस. डोळ्याखाली एक भोवरा, जणू गालावर आसू ओघळलेलं.

येसूनं विचारलं, "हिला कुणी घेत नाही का, मावशी?"

हिराई म्हणाली, "लांबून येतात. जवळ येऊन तो भोवरा बघतात आणि निघून जातात. म्हणतात, ही घोडी मालकाला रडवते. मला तर हिनं दहा वर्षं घाट चढवला. आता माझेच गुडघे गेले. हिला कुणीतरी मायेनं ठेवावं एवढंच बघते. साळुंकी म्हणतो आम्ही हिला."

येसूनं चिमूटभर भंडारा घेतला, घोडीच्या कपाळाला लावला आणि तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. गावाचा शेवटचा प्रश्न तिच्या ओठांवर होता. तिनं हळूच विचारलं, "तू कशाला भितेस?"

घोडीनं कान हलवला. मग म्हणाली, "वाहत्या पाण्याला. माझं शिंगरू पाण्यात गेलं. तेव्हापासून पाण्याचा आवाज आला, की माझे चारही पाय कापतात."

तेवढ्यात आबा आणि तात्या धापा टाकत आले. त्यांनी उत्तर ऐकलं आणि दोघांनी कपाळाला हात लावला. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

"प्रश्न फुकट घालवलास पोरी," आबा म्हणाले. "डोळ्याखाली आसू, आणि वर पाण्याला भिते. आपल्या सगळ्या वाड्या नदीपल्याड."

"ठाऊक आहे," येसू म्हणाली. "मी हिलाच घेणार."

"का पण?" तात्यांनी विचारलं.

येसू म्हणाली, "तात्या, प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी माझे हात गार पडतात. आत काय वाढून ठेवलंय, ते मला ठाऊक नसतं. भीत भीतच मी आत जाते आणि म्हणूनच दहादा बघून हात लावते. मला कशाचीच भीती वाटत नाही असं म्हणणारी सुईण तुम्ही तुमच्या लेकीच्या उशाशी बसवाल?"

तात्या मान खाजवू लागले. आबा बोलतच राहिले, पण गाडीतला तांदूळ येसूनं हिराईपुढे उतरवायला घेतला होता. मग काय करणार?

साळुंकी नांदवळला आली. गाव हसलं थोडं. पण हिवाळाभर, उन्हाळाभर ती येसूला घेऊन डोंगर चढली. नदी तेव्हा आटलेली, गुडघ्याएवढी. उतारापाशी, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागी, साळुंकी थांबायची, थरथरायची, पाणी हुंगायची आणि मग एकेक पाऊल टाकत पार व्हायची. वाडीवर येसू आधी घोडीचे पाय चोळायची, मूठभर भिजवलेले हरभरे द्यायची, मगच घरात जायची. परतल्यावर पुन्हा तेच. तोंडानं एक शब्द नाही. घोडी तिच्या खांद्यावर नाक टेकवायची.

मग श्रावण आला. तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप झाली आणि गावानं पाहिलं, पलीकडच्या काठावर लाल लुगडं फडकत होतं. ते होतं शेलारवाडीच्या बांबूवर. शेलारवाडीत एकच बाई दिवसांत होती. ती म्हणजे श्रीपत आबांची लेक, गौरा.

आबा अनवाणीच पळत आले. नदी तपकिरी झाली होती, दोन्ही थड्या भरून चालली होती. येसू साळुंकीवर बसून नेहमीच्या उतारापाशी आली. साळुंकीनं पाण्यात नाक घातलं आणि पुढचे पाय जमिनीत रोवले. हलेना.

आबांनी काठी उचलली. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "मार तिला, येसू. माझी पोर तिकडे एकटी आहे. मार."

येसू खाली उतरली. म्हणाली, "आबा, काठी ठेवा. ती काहीतरी सांगते आहे. इथे तिला बोलता येत नाही, म्हणून पायांनी सांगते."

तिनं लगाम सैल सोडला आणि घोडीच्या मानेवर हात ठेवला. साळुंकी वळली. काठाकाठानं वरच्या अंगाला चालू लागली. एका ठिकाणी थांबली, पाणी हुंगलं, मागे फिरली. आणखी वर गेली, थांबली, एक पाय घातला, मागे घेतला. आबा मागून चालत होते आणि रडत होते. मग पार वर, जिथे नदी पसरट होते आणि दगड पाण्यातून टाळकी काढतात, तिथे साळुंकी थांबली. तिनं येसूकडे मान वळवली. येसू पाठीवर चढली. आणि साळुंकी पाण्यात शिरली.

पाणी पोटाला लागलं. मग खोगिराला. घोडीचं सगळं अंग कापत होतं, येसूच्या मांड्यांना ते कापणं कळत होतं. पण पाय पडत होते. एक टेकला, की दुसरा. येसू तिच्या आयाळीत बोटं गुंतवून बोलत होती, "मीही भितेय गं. चल. दोघी भीत भीत जाऊ."

आबा काठावरून बघत होते. तेवढ्यात नदीतून एक मोठं सागाचं झाड वाहत आलं. मुळांसकट, बरं का. ते खाली त्या नेहमीच्या उतारापाशी गेलं, गरकन फिरलं आणि दिसेनासं झालं. पुरानं तिथली सगळी वाळू खरवडून नेली होती. उतार राहिलाच नव्हता. तिथे डोह झाला होता.

आबांच्या हातातली काठी गळून पडली. ते तिथेच चिखलात बसले.

साळुंकी पलीकडच्या काठावर चढली. येसू शेलारवाडीत पोचली, तेव्हा गौरा दमून गेली होती आणि बाळाच्या मानेभोवती नाळेचा वेढा होता. येसूचे हात गार पडले. तिनं पदराला पुसून त्यांना ऊब आणली, नीट बघितलं आणि वेढा सोडवला. तिनं बाळाची पाठ चोळली. मग बाळ रडलं. मुलगी होती. गौरा हसली आणि झोपून गेली.

पाणी उतरल्यावर आबा पलीकडे आले. घरात सगळे वाट बघत होते, की आबा आता धावत आत येतील. आबा आले नाहीत. येसूनं दाराबाहेर डोकावून पाहिलं. अंगणात साळुंकी बांधली होती. आबा तिच्या पायांपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी डोक्यावरचा पटका सोडला होता, गावानं ज्याच्यापुढे मान लववावी असा तो पटका, आणि त्याच्या टोकानं ते घोडीच्या खुरांवरचा वाळलेला चिखल पुसत होते. एक पाय झाला, की दुसरा.

येसू म्हणाली, "आबा, आत या. नात रडते आहे."

आबा मान वर न करता म्हणाले, "ऐकतोय मी. रडू दे थोडी. एवढं झालं की येतो."

येसूनं आतून पाण्याची घागर आणून त्यांच्याजवळ ठेवली.

मग पुढे गौराची लेक मोठी झाली. येसूनं कितीतरी बाळं झेलली. आणि त्या वाड्यांत अशी रीतच पडली, की बाळाला पहिल्यांदा घराबाहेर काढलं, की आधी साळुंकीपाशी न्यायचं आणि त्याच्या इवल्या मुठीनं तिला हरभरा द्यायचा. साळुंकी म्हातारी झाली, तेव्हा तिच्यावर कुणी बसलं नाही. गावातल्या कुठल्याही शेताच्या बांधावर तिला मोकळीक होती. तात्यांच्या मक्यातसुद्धा. तात्या कुरकुरायचे, पण कुंपण त्यांनीच काढून टाकलं होतं.

ती सगळी सुखानं राहिली, पोटभर जेवली, एकमेकांच्या उपयोगी पडली.

आता हात पाय पांघरुणात घ्या. घोडी उभ्यानंच झोपते, तुम्हाला तशी काही सक्ती नाही. कूस वळा. दिवसभरात ज्यानं ज्यानं तुमचं काही केलं असेल, त्याला मनातल्या मनात एकदा आठवा आणि डोळे मिटा. मी आहे इथे.