पाटीवरचा ढ

फार पूर्वी, शाळेतल्या वस्तू बोलत असत तेव्हा, एक नियम होता: वाचताना जो अडखळेल, त्याच्या पाटीवर पेन्सिलीने 'ढ' लिहायचा. का, ते विचारायचं नाही.

एकदा छोट्या सगुणाने 'घर'चं 'धर' वाचलं.

"लिही गं ढ," भिंतीवरचे फळाआजोबा पेन्सिलीला म्हणाले.

पेन्सिलीला संशय आला. "घ आणि ध यांतला फरक तिला दाखवलात कधी?"

"ढ पोरांना दाखवून काय उपयोग?" छडीआत्या कडाडली.

पेन्सिलीने पाटीवर दोन्ही अक्षरं काढली. "बघ सगुणा, घच्या डोक्यावर सलग रेघ, धच्या डोक्यावर तुटलेली."

"घर!" सगुणा ओरडली.

"तरी लिही. नियम आहे," आजोबा म्हणाले.

"तिला वाचता येत नव्हतं, की तुमचा शिकवायचा त्रास वाचत होता? मी ढ लिहिणार नाही."

आजोबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या कोपऱ्यात जाऊन टेकली, आणि आजोबांनी पेन्सिलीला पुढचं अक्षर दाखवायला सांगितलं.