नांगराचं अडणं

एके काळी नवे मुलूख शोधणारं एक गलबत वादळात दोर कापून पळालं आणि त्याचा नांगर पोवळ्यांच्या आखातात तळाशी राहिला. भरती आली की तो शेजारच्या माकुलीला, त्या दहा हातांच्या समुद्री जीवाला, तळमळत विचारी, "माकूलबाई, आलं का गं माझं गलबत?"

"येईल हो! तोवर माझी अंडी सांभाळा," म्हणत माकुलीनं त्याच्याच दांड्याला अंड्यांचा घोस चिकटवला.

"मी काय पाळणा आहे?"

एक दिवस खरंच गलबत आलं. खलाशांनी आकडा अडकवून ओढताच नांगर हरखून उठला. तेवढ्यात घोसात काहीतरी वळवळलं. पाण्याबाहेर ही पिल्लं कशी जगणार?

नांगरानं फाळ चिखलात रुतवला. आकड्याचा दोर तुटला.

"काय हो, जायचं नव्हतं?" माकुलीनं विचारलं.

"जाईन की. पोरं पोहायला लागू देत."